खो-खोनंतरची साखर

"माझंच चुकलं असंल मॅडम," अन्वीची आई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली. "तुमाला काय लिवायचं ते लिवा. पोरगी वाचली, बास."

शुभांगी कोष्टी तिचं नाव. कुपवाडच्या एमआयडीसीत पॅकिंगला जाते. तिची नऊ वर्षांची मुलगी अन्वी गेल्या मंगळवारी शाळेच्या मैदानावर खो-खो खेळताना कोसळली होती. साखर एकोणतीस. झटके आले, तीन दिवस दवाखान्यात गेले, आणि आता ती घरी होती. मी शर्वरी लाटवडे, बालमधुमेह केंद्राची समुपदेशक, तिच्या आईसमोर चौकशीचा फॉर्म घेऊन बसले होते.

फॉर्ममध्ये 'संभाव्य कारण' असा एक रकाना असतो. यंत्रातील बिघाड, पालकांचे दुर्लक्ष, इतर. पहिल्या पर्यायावर आमचे इंजिनिअर यशोधन कित्तूर यांनी आधीच काट मारली होती. यंत्र तपासून झालं होतं, त्यात काही सापडलं नव्हतं. 'इतर'वर खूण केली की पुढची चार पानं भरावी लागतात.

"खेळायच्या आधी खायला काही दिलं होतंत?" मी विचारलं.

"चिक्की दिलेली. दोन वड्या. ती म्हणती खाल्ली. पण यंत्रात तसं दिसंना म्हणं. मग माझ्याच डोक्यातनं गेलं असंल. डबल ड्युटी केल्यावर डोकं जाग्यावर असतंय व्हय?"

मी 'पालकांचे दुर्लक्ष'वर खूण केली आणि खाली सही ठोकली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी काय केलं ते वाचून कुणाला माझ्याबद्दल बरं वाटायला लागलं, तर ही सही लक्षात असू द्यावी.

आता यंत्राबद्दल. त्याचं नाव 'सोबत'. पोटावर चिकटवायची, नारळाच्या वडीएवढी चपटी डबी. माझ्यासारख्यांच्या शरीरात लहानपणीच एक घोळ होतो. रोगाशी लढायला ठेवलेल्या पेशी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींनाच शत्रू समजतात आणि मारून टाकतात. मग इन्सुलिन बाहेरून घ्यायचं, जन्मभर. कमी पडलं तर साखर चढते आणि वर्षानुवर्षं डोळे, मूत्रपिंडं कुरतडत राहते. जास्त झालं तर साखर उतरते आणि माणूस तासाभरात जमिनीवर येतो. 'सोबत' दर पाच मिनिटांनी साखर बघते, पुढच्या दोन तासांत काय होईल याचा अंदाज बांधते आणि तेवढं इन्सुलिन आत सोडते.

मोठ्या माणसांसाठी अशी यंत्रं बरीच वर्षं होती. मुलांचं जमत नव्हतं. परदेशात शिकून आलेल्या यंत्रांना ज्वारीची भाकरी कळत नव्हती, उपासाची साबुदाणा खिचडी तर त्यांच्या समजुतीच्या पार बाहेरची होती. तेव्हा आमच्या डॉक्टर तेरदाळकर मॅडमनी एक नामी गोष्ट केली. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी त्यांच्या बालरुग्णांनी रोज भरलेल्या साखरेच्या वह्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. दोनशे बारा मुलांच्या. काय खाल्लं, किती इन्सुलिन घेतलं, किती खेळलं, बोटाला टोचून साखर किती आली. त्या सगळ्या वह्या त्यांनी यंत्राला वाचायला दिल्या, आणि आपल्या मुलांची साखर कशी वागते हे यंत्र त्यातून शिकलं.

त्यातली सगळ्यात चांगली वही माझी. सात वर्षं, एकही दिवस खाडा नाही. तिचं एक पान केंद्राच्या दर्शनी भिंतीवर फ्रेम करून लावलंय. नव्या पालकांना मी तिथूनच आत नेते आणि म्हणते, "अशी वही ठेवा."

कित्तूरांनी त्याच सकाळी मला सांगितलं होतं, "यंत्राने चुकीचं काही केलं नाही. त्याच्या शिकवणीप्रमाणे नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींची साखर खो-खोनंतर फारशी उतरतच नाही. म्हणून त्याने आधीपासून इन्सुलिन कमी केलं नाही. साखर घसरायला लागली तेव्हा त्याला वाटलं, घामाने सेन्सर सुटला असेल."

"हे त्याला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

"वह्यांनी. त्या काळी पालक अशा मुलांना खेळूच द्यायचे नाहीत. खेळानंतरच्या जेमतेम अकराशे नोंदी आहेत. त्यातल्या आठशे बारा तुमच्या." ते कौतुकाने हसले. "तुम्ही नसतात तर आम्हाला खो-खो कळलाच नसता, मॅडम."

तरीही मी सही केली. सगळं समजून केली.

सातव्या वर्षी मला मधुमेह झाला. आई बालवाडीत शिकवायची. तिने रडारड केली नाही, दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली, तिला खाकी कव्हर घातलं आणि पट्टीने रकाने आखले. रोज संध्याकाळी मीटर हातात घेऊन ती त्यातले दिवसभराचे आकडे वहीत उतरवायची. तिचं अक्षर इतकं देखणं होतं की माझा आजारही वहीत शहाण्यासारखा दिसायचा.

पाचवीत मला खो-खोचं वेड लागलं. मी पळण्यात वाऱ्यासारखी होते असं नाही, पण हुलकावणी द्यायला मला छान जमायचं. आईला हे पसंत नव्हतं. शेवटी तेरदाळकर मॅडमनी मध्यस्थी केली: खेळू द्या, पण खेळानंतर साखर तपासायची. आईने त्यावर स्वतःची अट चढवली. खेळानंतर साखर ऐंशीच्या खाली गेली की दुसऱ्या दिवसापासून खेळ बंद.

पहिल्याच आठवड्यात अठ्ठावन्न आली. आदल्या दिवशीच मला संघात घेतलं होतं. हातपाय थरथरत होते, कपाळाला घाम फुटला होता, आणि मी पाण्याच्या टाकीमागे बसून मीटरकडे बघत होते. शेजारी सुमय्या मुजावर बसली होती. एकाच बाकावरची, एकाच संघातली.

"रडतीयास कशाला?" ती म्हणाली. "परत बघ की."

"परत बघितलं तरी तेवढीच येणार."

तिने आपला डावा हात पुढे केला. "मग माझं टोच."

मी अठ्ठावन्नचा आकडा मीटरमधून पुसला आणि तिची अनामिका टोचली. एकशे दोन. आम्ही दोघी खदखदून हसलो. मग मी दप्तरातून लिमलेटच्या गोळ्या काढल्या. तीन मला, एक तिला. हा आमचा सौदा पुढे चार वर्षं चालला.

ही नुसती पोरकट लबाडी नव्हती, हे मला फार उशिरा कळलं. आकडे मनाने लिहिणारी मुलं डॉक्टरांना लगेच ओळखू येतात. त्यांचे सगळे आकडे शंभर, एकशे वीस, एकशे पन्नास असे गोल असतात. माझे अस्सल होते. मीटरच्या मेमरीत तारीख-वेळेसकट होते. फक्त ते दुसऱ्या मुलीचे होते. निरोगी मुलगी पळायला लागली की तिचं स्वादुपिंड इन्सुलिनचा नळ आपोआप बंद करतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं. म्हणून कितीही पळून तिची साखर शंभराच्या आसपास राहते. माझ्या अंगात टोचलेलं इन्सुलिन मात्र परत काढता येत नाही. मी खो-खो खेळायचे, माझ्या गोळ्या मी गुपचूप खायचे आणि वहीत सुमय्याची साखर जायची. यंत्राने त्या दोन शरीरांचं एक शरीर समजून अभ्यास केला आणि तो अन्वीवर लावला.

आठवी संपताना सुमय्याच्या अब्बांची बदली हुबळीला झाली. मी आईला सांगितलं, गुडघा दुखतो. बोटच गेल्यावर खेळणार कशी?

सोमवारी अन्वीला तपासायला आणलं. आई बाहेर औषधं घेत होती. पोरगी माझ्यासमोर पाय हलवत बसली होती. जिभेवरची जखम अजून भरली नव्हती, त्यामुळे ती अडखळत बोलत होती.

"बाई, मी चिक्की खाल्ली होती."

"बरं."

"दोन्ही वड्या. आईनं डब्यात ठेवलेल्या. मी पप्पांना सांगितलं, आजीला सांगितलं, कुणालाच खरं वाटंना. पप्पा आईला लई बोलले. म्हणले, यंत्र काय खोटं सांगतंय का." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला तरी खरं वाटतंय का?"

चार वर्षं मी खोटं बोलले आणि सगळ्यांनी विश्वास ठेवला, इतका की फ्रेम करून भिंतीवर लावलं. ही खरं बोलत होती. मला त्या खुर्चीत बसवेना.

"मला खरं वाटतंय," मी म्हणाले. "थांब इथेच."

तेरदाळकर मॅडम वरच्या मजल्यावर बसतात. वय अडुसष्ट. पुढच्या आठवड्यापासून शाळांच्या क्रीडास्पर्धा सुरू होणार होत्या आणि तीनशे नऊ मुलांच्या पोटावर 'सोबत' होती. जिना चढताना मी हे दोनच आकडे घोकत होते, कारण दुसरं काही आठवलं असतं तर मी अर्ध्यातून परत फिरले असते. या बाईंनी मला मरणाच्या दारातून आणलं, शिकवलं, नोकरी दिली, आणि त्यांच्याच आयुष्यभराच्या कामाला सुरुंग लावायला मी निघाले होते.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच तोंड उघडलं.

"मीटरच्या मेमरीशी मी स्वतः पडताळलं होतं, शर्वरी."

"हो मॅडम. रक्त खरंच होतं. माझं नव्हतं."

त्या बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिल्या, माझ्याकडे नाही. मग त्यांनी कित्तूरांना फोन लावला. "सगळ्या मुलांचा खेळाचा अंदाज आत्ताच्या आत्ता बंद करा. खेळाच्या आधी एक तास इन्सुलिन थांबवायचं आणि खायला द्यायचं, असा निरोप प्रत्येक पालकाला जाऊ दे. हो, प्रत्येकाला. कारण मागून सांगते." फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "त्या कोष्टीबाईंच्या फॉर्मवर सही कुणाची आहे?"

"माझी."

"कधी केलीस?"

"शनिवारी."

"तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

"लहानपणीचं मी समजू शकते," त्या म्हणाल्या. "शनिवारचं नाही. जा, आधी ते निस्तर."

मी खाली येऊन शुभांगीताईंसमोर फॉर्म फाडला आणि का फाडला ते सांगितलं. ती बाई मला बोलली नाही. पोरीचा हात धरून इतकंच म्हणाली, "हे तिच्या पप्पांस्नी सांगा. माझं कोण ऐकत न्हाई." मी त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. अन्वीचे पप्पा मला जे बोलले ते मी इथे लिहीत नाही, पण त्यातला एकही शब्द चुकीचा नव्हता.

आईला फोनवर सांगितलं. ती आता पंचाहत्तरीला आलीय. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे चार वर्षं मी बसून काय लिहीत होते गं?" मग तिनेच जेवलीस का विचारलं.

कित्तूरांनी माझ्या वहीतल्या खो-खोनंतरच्या आठशे बारा नोंदी वेगळ्या काढल्या. त्यांना यंत्राची शिकवण नव्याने करायची होती आणि त्यासाठी ती दुसरी मुलगी कोण, तिची संमती मिळेल का, हे हवं होतं. त्यांनी त्या नोंदींचा आलेख छापून मॅडमच्या टेबलावर ठेवला. वर माझं नाव नव्हतं, इन्सुलिनचे आकडे नव्हते. नुसते ठिपके, पाचवीपासून आठवीपर्यंत.

मॅडमनी चष्मा सारखा केला आणि एका मिनिटात विचारलं, "ही मुलगी कोण? हिला कुणी पाहिलं का?"

"म्हणजे?" मी म्हणाले.

"हे बघ. पाचवीत अठ्ठ्याण्णव, एकशे दोन. सहावीत एकशे दहा-पंधरा. सातवीत एकशे तीस. आणि ही आठवी बघ, एकशे एक्कावन्न, एकशे चौसष्ट, एकशे एकाहत्तर. पळून आल्यावर. एवढ्या लहान वयात, इतकी सावकाश चढत जाणारी साखर म्हणजे बहुतेक एकाच जनुकातला दोष. घरात चालत येतो. तेव्हा कळलं असतं तर साध्या गोळ्यांवर राहिली असती." त्या थांबल्या. "मला आठवतंय. तुझे आकडे चढतायत म्हणून मी तुझं दुपारचं इन्सुलिन दोन युनिट वाढवलं होतं. म्हटलं, पोर वयात येतेय."

ते मलाही आठवत होतं. इन्सुलिन वाढलं म्हणून मी तीनाच्या पाच लिमलेट केल्या होत्या.

सुमय्या हुबळीहून लग्न होऊन मिरजेला आली. शिवणकाम करायची, नवरीचे घागरे शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. अठ्ठाविसाव्या वर्षी डोळ्यांसमोर काळे ठिपके यायला लागले म्हणून डॉक्टरकडे गेली आणि तिथे कळलं की तिला कैक वर्षांपासून मधुमेह आहे. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. लेझर केलं, इंजेक्शनं केली. आता डावा डोळा गेलाय, उजव्याने मोठं असेल तेवढंच दिसतं. शिलाई मशीन तिने नणंदेला देऊन टाकलं.

तेव्हा मी तिला भेटायला गेले होते. समुपदेशक ना मी. चांगलं अर्धा तास झापलं होतं तिला. "अगं, इतकी वर्षं एकदा तरी तपासायचंस की. एका टोचणीचा तर प्रश्न होता." ती मान खाली घालून ऐकत राहिली होती.

तिची साखर आठशे बारा वेळा तपासली गेली होती. मीच तपासली होती.

मी मिरजेला गेले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. सुमय्या ओसरीवर बसून शेंगा फोडत होती, बघायची गरज न पडणारं काम. आवाजावरून तिने मला ओळखलं.

"ये. अवेळी कशी काय?"

"एक वाचून दाखवायचंय तुला."

"वाच की."

मी अन्वीपासून सुरुवात केली. टाकीमागचं सांगितल्यावर ती हसायला लागली. "अजून आठवतंय व्हय तुला? तीन तुला, एक मला. लई कंजूष होतीस." मग मी कागद काढला आणि आकडे वाचायला लागले. सगळे नाही, प्रत्येक महिन्यातला एक. अठ्ठ्याण्णव. एकशे दोन. एकशे पाच. सहावीपर्यंत तिचे हात शेंगा फोडत होते. सातवीत ते थांबले. तिलाही आता कळतात आकडे, रोज तिची लेक तिला वाचून दाखवते.

"एकशे एक्कावन्न," मी वाचलं. "एकशे चौसष्ट."

"शेवटचा किती?"

"एकशे एकाहत्तर. हुबळीला जायच्या आदल्या दिवशीचा."

शेंगांची टोपली तिने बाजूला सरकवली.

"माझ्या अम्मीला पण असंच झालेलं," ती म्हणाली. "तिला पण कुणी सांगितलं न्हाई. पण माझं तर लिवलेलं होतं की गं. तुझ्या आईनं, इतक्या छान अक्षरात."

"हो."

"आणि तू आली होतीस इथं. एका टोचणीचा प्रश्न म्हणालीस."

"मला माफ कर, सुमय्या." हे म्हणताना माझीच मला लाज वाटली, कारण त्या शब्दांनी तिचा डोळा परत येणार नव्हता.

"बघू," ती म्हणाली. "आज न्हाई." मग तिने हात पुढे केला. "काय कागद आणलायस? सही पायजे असंल तुमच्या यंत्राला."

"संमती हवीय. तुझ्या नोंदी वेगळ्या ठेवल्या तर बाकी मुलांना उपयोग होईल. तुझ्या लेकीलाही तपासायला हवं, मॅडम स्वतः बघणार आहेत. पण तुझ्यावर जबरदस्ती नाही."

"लेकीचं आधी," ती म्हणाली. "उद्याच घेऊन येते. आणि दे इकडं, करते सही. त्या पोरीनं खेळायला पायजे परत."

मी तिचं बोट धरून आकड्यांच्या त्याच कागदावर खाली, सहीच्या जागेवर नेलं. ही ती डावी अनामिका नव्हती, उजवी तर्जनी होती. तिने चाचपडत सही केली. मग कागदावरून हात फिरवून विचारलं, "वर नाव कुणाचं आहे?"

"अजून कुणाचंच नाही. जागा कोरी आहे."

"मग लिही की माझं. मोठं लिही, मला दिसंल असं."

मी पिशवीतून जाड काळं पेन काढलं आणि आठशे बारा आकड्यांच्या वर, रकाना ओलांडून, कागदभर लिहिलं: सुमय्या मुजावर. तिने कागद उजव्या डोळ्याच्या अगदी जवळ नेला आणि एकेक अक्षर लावत पूर्ण नाव वाचलं.